खरकट्याची जागा

फरशी पुसण्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही. स्वयंपाक केला तर निदान कोणी जेवतं, एखादा बरं झालंय म्हणतो. पुसलेल्या फरशीवरून लोक नुसते चालत जातात. तरी मी ती नीट पुसते, कारण अर्धवट पुसलेली फरशी मला दिवसभर टोचत राहते. आधी केर, तोही कोपऱ्यातून मधे आणत. मग बादलीत पाणी आणि टोपणभर फिनेल. साबणाची पावडर अजिबात नाही. तिने फरशी चिकट होते, त्यावर धूळ बसते, आणि लोक आणखी पावडर घालतात. फडकं घट्ट पिळायचं, आतल्या भिंतीपासून दाराकडे मागे मागे सरकत यायचं, खोली बदलली की पाणी बदलायचं. शेवटी कोरड्या फडक्याचा हात. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, ते आपोआप वाळू दिलं की पांढरे चट्टे उठतात.

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमचा फ्लॅट आहे. तिथे मी आणि आई, दोघीच राहतो. मी लग्न केलं नाही, कचेरीतून निवृत्त झाले आहे आणि भाऊ पुण्याला असतो. घर घेताना टाइल्स भावाने पसंत केल्या. आरशासारख्या चकचकीत. त्याने पसंत केल्या आणि तो पुण्याला गेला. पुसत मी बसले आहे.

आधी आम्ही पंचवटीत होतो. वडील यात्रेकरूंचे उपाध्ये. देवळा-चांदवड तालुक्यांकडची माणसं श्राद्धपक्षाला यायची, गोदावरीवरचे विधी आटोपले की आमच्याकडेच जेवायची. घरात शहाबादी फरशी होती, खरबरीत, पाणी पडलं तरी पाय न सरकणारी. खाली पंगत बसायची आणि उठली की आई कामाला लागायची. आधी शितं वेचायची, मग तांब्यातलं पाणी शिंपडून भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवायची. जिथे पान वाढलं ती जागा खरकटी. तिच्यावर पाण्याचा हात फिरेपर्यंत तिथून कोणी जायचं नाही, मग तो घाईत असलेला यात्रेकरू असो की शाळेला निघालेली मी. कितीही दमलेली असली तरी आईने खरकटं तसंच ठेवून पाठ टेकलेली मी पाहिली नाही.

गेल्या वर्षी ती बाथरूमबाहेर पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा पडल्या तर परत उभ्या राहतील असं धरून चालू नका. तेव्हापासून मी घरात डोळे जमिनीला लावूनच चालते. पाण्याचा थेंब दिसला की हातातलं काम टाकून आधी तो टिपते.

आता आई टेबलावर जेवते. खाली बसताच येत नाही. पण तिच्या लेखी टेबल म्हणजे नुसती उंच केलेली जमीन, खरकटं खाली उतरतंच. म्हणून जेवण झालं की ती तांब्यातलं उरलेलं पाणी खुर्चीपाशी ओतायची, वर फडकं टाकायची आणि टेबलाला धरून एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायाने ते फिरवायची. खुब्यात लोखंड घातलेली बाई, चकचकीत फरशी, खाली पाणी, आणि पाय अनवाणी, कारण स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातलं पातेलंच पडलं.

मग आमचं सुरू झालं. मी रबरी चटई आणली, तर ती चटईखालची जागा पुसायला चटई उचलायला लागली. मी तांब्या काढून पेला ठेवला, तिने पेल्यातलं पाणी ओतलं. मी म्हटलं, "आई, टेबल पुसलंय ना मी?"

"टेबल पुसलंस गं. खालचं?"

"खाली कोणी जेवलंय का?"

"माणूस जेवतं तिथे खालची जागा असतेच की," ती म्हणाली आणि पुन्हा पेल्याकडे हात नेला.

भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, तिचं ऐकायचं, दुर्लक्ष करायचं." पुण्याहून दुर्लक्ष करणं फार सोपं असतं. मी तिच्याआधी खाली वाकून पुसायचे, तर माझं पुसणं तिला पटत नसे. मी फडकं पिळून घेते, तिला पाणी दिसायला हवं असतं. माझा हात फिरला की तिचा पाय फिरायचाच. मग मी पुन्हा गुडघे टेकून सगळं कोरडं करायचे. सकाळी चहा-पोळी, दुपारी जेवण, संध्याकाळी पुन्हा जेवण. माझे गुडघेही आता काही कोवळे राहिलेले नाहीत. कधीकधी वाटायचं, जेवणाची वेळच होऊ नये.

एका दुपारी तिचा पाय सरकला. टेबलाची कड हातात होती म्हणून ती वाचली. मी धावत जाऊन तिला खुर्चीत बसवलं आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "आता एकदा जरी पाणी सांडलंस ना, तर जेवायला वाढणार नाही मी तुला. सांगून ठेवते," मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. आईने पदराने तोंड पुसलं आणि खिडकीकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवसापासून तिने पाणी ओतणं बंद केलं. माझा विश्वासच बसेना. ती जेवायची, हात धुवायची आणि वॉकर घेऊन सरळ आपल्या खोलीत जायची. फरशी कोरडी ठणठणीत. कितीतरी दिवसांनी मी दुपारी आडवी झाले आणि गाढ झोपले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. भावालाही मोठ्या तोऱ्यात सांगितलं, जरा आवाज चढवला की जमतं सगळं.

ती कमी जेवते आहे हे लक्षात यायला मला वेळ लागला. आधी भात गेला, मग दुसरी पोळी गेली. "भूक नाही गं," एवढंच म्हणायची. मला वाटलं गोळ्यांमुळे असेल. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या, तरी तेच. मी तिच्या आवडीची मेथी केली, पिठलं केलं, ताकाला फोडणी दिली. ती चार घास खायची आणि ताट सरकवायची. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागला. एके सकाळी न्हाऊ घालताना तिची बांगडी साबणाच्या हातातून आपोआप निघून माझ्या मुठीत आली. ती वर्षानुवर्षं हातात रुतून बसलेली बांगडी होती. मी ती परत चढवली आणि ती पुन्हा निघाली.

दुपारी ताट वाढून मी समोर बसले. "आई, खरं सांग. काय होतंय तुला?"

"कुठे काय."

"मग जेवत का नाहीस?"

ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "जेवलं की खरकटं होतं. मला काढता येत नाही आणि तुझे गुडघे दुखतात. ते तसंच ठेवून मला झोप लागत नाही. त्यापेक्षा थोडं कमी जेवलेलं बरं."

रागावून ती बोलली असती तर मी भांडले असते. पण तिने हे सगळं माझ्या सोयीसाठी शांतपणे ठरवलं होतं, आणि मी त्या कोरड्या फरशीवर दुपारच्या झोपा काढत होते. मला रडू आवरेना. तिला माझं रडणं दिसू नये म्हणून मी उठून ओट्याशी गेले, पण तिला दिसलंच असणार.

मग मी माझं ताट घेतलं आणि तिच्या खुर्चीला लागून खाली जमिनीवर बसले. मांडी घालताना गुडघे कुरकुरले. "खाली कशाला बसलीस?" ती म्हणाली.

"मला इथे जेवायचंय. आणि तू जेवल्याशिवाय मी उठणार नाही. मग दोघींचं खरकटं मी एकदमच काढीन, तू सांगशील तसं."

"फडकं पिळायचं नाही."

"नाही पिळणार."

"भिंतीपासून सुरू करायचं."

"भिंतीपासून."

"आणि मी उठायच्या आत तुझं ते कोरडं फडकं फिरव बाई. मला पडायचं नाहीये आता."

एवढे दिवस मी ज्यासाठी घसा कोरडा केला, ते तिला माहीत होतं तर. मी मान खाली घालून भात कालवायला लागले. वरून चमचा ताटाला लागल्याचा आवाज आला, थोडा थांबला, पुन्हा आला. मी वर बघितलं नाही. थोड्या वेळाने तिचं ताट माझ्या डोक्याशी खाली आलं, आणि आई म्हणाली, "भात आहे का गं अजून?"