कागलची भट्टी आणि माझी नवी खुर्ची

"तू येतोयस, की नुसती गाडी येतेय?" पुण्याहून निघताना मधुराने, म्हणजे माझ्या बायकोने, एवढंच विचारलं. मी डाव्या हाताने इराचा पट्टा लावत होतो आणि उजव्या हाताने फोनवर कुणाला तरी उत्तर लिहीत होतो. नऊ वर्षांच्या इरानेच शेवटी स्वतःचा पट्टा स्वतः लावून घेतला. गाडी मधुरा चालवणार होती, तेवढं बरं होतं.

चार महिन्यांपूर्वी मी इंजिनिअरिंग मॅनेजर झालो होतो. दहा वर्षं सॉफ्टवेअर लिहिलं आणि एका सोमवारी सात माणसं हाताखाली आली. मॅनेजर म्हणून नेमकं काय करायचं हे कुणी सांगितलं नाही. मग मला जे येत होतं तेच मी सातपट करू लागलो, म्हणजे सातही जणांचं काम तपासून पुन्हा स्वतः लिहू लागलो. त्यांतली सायली कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तीन आठवडे राहून आमची यंत्रणा बसवत होती. वितळलेल्या लोखंडाचं तापमान मोजायचं आणि ते साच्यात ओतायला योग्य आहे की नाही ते पडद्यावर हिरव्या-लाल रंगात दाखवायचं, असं ते काम. ते सुरू होताना मॅनेजरने हजर राहायचं होतं. इराला नाताळची सुट्टी होती, म्हणून सगळेच निघालो.

कराड ओलांडलं आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. एकीमागे एक दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर गाणी लावून डुलत चालले होते. इराने त्या मोजायला घेतल्या आणि पंचवीसनंतर कंटाळून सोडून दिल्या. दुपारी कोल्हापुरात शिरलो आणि पहिल्याच चौकात मिसळ खाल्ली. इथे मिसळीबरोबर पुण्यासारखा गोल पाव येत नाही, ब्रेडच्या जाड स्लाइस येतात आणि कट (मिसळीवरचा झणझणीत रस्सा) वेगळ्या भांड्यात येतो. इराने तो आमटी समजून चमचाभर तोंडात घातला. तिचे डोळे भरून आले तसे मालक गल्ल्यावरून उठून दह्याची वाटी घेऊन धावले.

"लेकराला कट दिलासा व्हय वो!" ते इतक्या जोरात ओरडले की सगळं हॉटेल आमच्याकडे बघू लागलं. मग इराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "खा बाळा, दही खा. बापाला काय कळंना." दह्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. कोल्हापुरात माणूस रागावतो आणि माया करतो ते एकाच आवाजात, हे मला पुढच्या तीन दिवसांत पुन्हा पुन्हा दिसलं.

संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो. ऊन कलतं तेव्हा तळ्याचं पाणी तांब्यासारखं होतं आणि पाण्यात उभा असलेला दगडी संध्यामठ काळा दिसू लागतो. काठावर भेळेचे गाडे, फुगे, पायडलच्या होड्या. हे सगळं मी पाहिलं ते मान वर करून, अधूनमधून. मांडीवर लॅपटॉप उघडा होता. सायलीने बसवलेल्या यंत्रणेतले आकडे मी चाळत होतो आणि एका ठिकाणी थबकलो. ओतायच्या एका भागासाठी तिने तापमानाची वरची मर्यादा फौंड्रीने दिलेल्या कागदापेक्षा वीस अंशांनी जास्त ठेवली होती.

"बाबा, होडीत चल ना," इरा म्हणाली.

"पाच मिनिटं."

मला तो निष्काळजीपणा वाटला. उद्या पहिला दिवस, नाचक्की नको, म्हणून मी आकडा कागदाप्रमाणे केला आणि जतन केला. सायलीला फोन करावा असं क्षणभर वाटलं. पण ती दमली असेल, तिला कशाला त्रास, अशी मी स्वतःची समजूत घातली. मान वर केली तेव्हा मायलेकी होडीतून परतही आल्या होत्या. इराच्या चपला भिजल्या होत्या आणि ती होडीतलं काहीतरी सांगत होती. मी "अरे वा" म्हणालो, आणि ती मध्येच थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच कागलला गेलो. फौंड्रीच्या दारातून आत शिरलं की आधी वास येतो, जळक्या वाळूचा. मग गरम हवेचा झोत अंगावर येतो. एका बाजूला बायका वाळूचे गाभे (साच्याच्या आत बसवायचे आकार) इतक्या सफाईने घडवत होत्या की हात दिसत नव्हते. समोर भट्टी. तिच्या तोंडाशी सूर्य वाटीत घेतल्यासारखं लोखंड उकळत होतं. मी इतके दिवस लोखंडाबद्दलचे आकडे हाताळले होते, लोखंड असं पहिल्यांदाच पाहिलं.

तिथे शोभा कांबळे भेटल्या. पंचेचाळीसच्या आसपासच्या, डोक्यावर पिवळं हेल्मेट, ड्रेसवर राखाडी कोट. मेटलर्जीचा डिप्लोमा करून त्या इथे लागल्या आणि आता सगळी भट्टीची पाळी त्यांच्या हाताखाली होती. शेजारी महादेवमामा उभे होते, तीस वर्षं लोखंड ओतणारे. आणि सायली. ती मूळची याच जिल्ह्यातल्या नेसरीची. ऑफिसात माझ्याशी पुस्तकी बोलणारी ही मुलगी इथे "मामा, जरा सरका की, दिसंना मला," असं बिनधास्त म्हणत होती आणि मामा सरकत होते.

पहिल्या दोन खेपा नीट ओतल्या गेल्या, पडदा हिरवा राहिला. तिसऱ्या खेपेला कंप्रेसरचा पातळ भिंतींचा भाग ओतायचा होता. मामांनी लोखंड लॅडलमध्ये (ओतण्याच्या मोठ्या भांड्यात) घेतलं, तापमान मोजलं, आणि पडदा लाल झाला, म्हणजे लोखंड मर्यादेपेक्षा गरम.

"आता का लाल?" मामा म्हणाले. "परवा चाचणीला तर बरूबर हुतं की."

सायली पडद्याकडे धावली. तिने नोंद उघडली, मर्यादा कधी आणि कुणी बदलली ते तिथे लिहिलेलंच होतं. तिने वळून माझ्याकडे एकदा पाहिलं. मग कांबळेबाईंना म्हणाली, "माझ्याकडून काहीतरी राहिलं असणार. बघते."

मी गप्प उभा होतो. किती वेळ ते सांगता येणार नाही, फार तर अर्धा मिनिट असेल, पण तो अर्धा मिनिट मला अजून आठवतो. ती माझी चूक स्वतःच्या अंगावर घेत होती आणि मी तिला घेऊ देत होतो. तेवढ्यात लोखंड निवलं आणि पडदा आपोआप हिरवा झाला. मामांनी लॅडल पुढे ढकलली.

"थांबा मामा!" कांबळेबाईंचा आवाज भट्टीच्या घरघरीवर चढला. "हिरवं झालं म्हणून वतायचं न्हाय. पातळ माल हाय ह्यो, एवढ्या गार लोखंडानं कोपरे भरायचे न्हाईत. परत भट्टीत घ्या."

लोखंड परत गेलं. माझ्या तोंडातून मग शब्द फुटले. "सायलीची चूक नाही. काल संध्याकाळी मर्यादा मी बदलली."

कांबळेबाईंनी हेल्मेट काढलं. "ह्या पोरीनं मामांच्या शेजारी उभं राहून तीन आठवडे घाम गाळला, तवा त्यो आकडा निघाला. आमचाच कागद जुना हाय. तुमी बदललासा, ठीक. तिला इचारलं का?"

"नाही."

"मग आता तिचं तिला करू द्या. तुमी चला, च्या घेऊ."

भोवतीची माणसं हसली, मामाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण गंमत म्हणजे त्या हसण्यात विखार नव्हता. सायलीने तिचा आकडा परत घातला. तासाभराने तोच माल ओतला गेला, तेव्हा मी बाहेर झाडाखाली चहा घेत होतो.

"मी नवी सुपरवायझर झाले, तवा अशीच हुते," कांबळेबाई बशीत चहा ओतत म्हणाल्या. "नमुना मीच घेणार, तापमान मीच बघणार. घरी भाकरी थापताना कानाला फोन. पोरगी म्हणायची, आई, भट्टीलाच जेवाय वाढ. मग सासूचं ऑपरेशन निघालं आन् चार दिस सुट्टी घ्यावी लागली. परत आले तर मामांनी पाळी अशी चालवलेली, की खराब माल माझ्यापेक्षा कमी निघालेला."

"बरं वाटलं असेल."

"कशाचं बरं! लई वाईट वाटलं. घरी जाऊन रडले." त्या मोठ्याने हसल्या. "म्हईनाभर मामांशी धड बोलले न्हाई. मग हळूहळू उमगलं, मी नसताना भट्टी नीट चालती, ह्योच माझा पगार हाय."

संध्याकाळी मी तिघांच्या वतीने ठरवून टाकलं, गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जायचं. तिथे म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध देतात. "पावणं, फेसासकट प्या, फुकून घालवू नका," गवळी ओरडला. इराला पांढऱ्या मिशा आल्या. ती दूध पीत असताना मी मधुराला सकाळची हकिगत सांगितली, त्या अर्ध्या मिनिटासकट.

मधुराने आपला रिकामा पेला गवळ्याला परत दिला. मग म्हणाली, "ऑफिसात तू सगळ्यांचं काम करतोस. घरात स्वतःचंही करत नाहीस." आवाज चढलेला नव्हता. त्यामुळेच ते जास्त लागलं. मी इराजवळ जाऊन विचारलं, "काल होडीत काय झालं होतं?" तिने मला नीट निरखून पाहिलं, खरंच विचारतोय का ते. मग होडी कशी गोल गोल फिरत राहिली आणि आई कशी घाबरली ते तिने म्हशीच्या शेपटीपासून अंतर राखत पुरतं करून दाखवलं.

तिसऱ्या दिवशी काम फौंड्रीच्या ताब्यात द्यायचं होतं. सही मॅनेजरची लागते, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. ती मीच मनाने लावलेली अट होती. मी सायलीला सांगितलं, तूच कर, आणि आम्ही कुरुंदवाडला गेलो. हिवाळ्यात कृष्णा आणि पंचगंगा इथे जवळ येताना अगदी सावकाश, गप्पा मारत आल्यासारख्या वाहतात. घाटाच्या काळ्या पायऱ्या उन्हाने ऊबदार झाल्या होत्या. काठच्या मळ्यांत वांगी लगडली होती. इरा आणि मी पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडून बसलो. अकराच्या सुमारास फोन वाजला. सायली. मधुरा माझ्याकडे बघत होती.

"सर, कांबळेबाई विचारताहेत, इराला काकवी (उसाच्या रसाचा घट्ट गोड पाक) आवडते का? त्यांच्या भावाचं गुऱ्हाळ आहे, बरणी पाठवायची म्हणतात."

"आणि काम?"

"ते दहालाच झालं," ती म्हणाली.

तिच्या आवाजात अभिमान होता आणि मला आनंद झाला. पण खरं सांगायचं तर कांबळेबाई म्हणाल्या होत्या तसं जरा वाईटही वाटलं. मी पाण्यात पाय हलवत राहिलो.

चौथ्या दिवशी परतलो. कोल्हापूरने मला काय दिलं याचा विचार करताना मला त्या गावाचा मोठा आवाजच आठवतो. तिथे तुमची चूक चारचौघांत सांगतात, म्हणून ती आतल्या आत सडत नाही. सांगून झाली की चहा पाजतात. आमच्या काचेच्या ऑफिसात आम्ही इतकं हळू बोलतो की कुणाचं काय चुकलं ते कुणालाच कळत नाही.

सोमवारी सायलीने कामाचा अहवाल पाठवला. तिसऱ्या खेपेबद्दल तिने लिहिलं होतं, "तापमानाची मर्यादा न विचारता बदलली गेली." त्या वाक्यात कर्ताच नव्हता. तिने मला पुन्हा एकदा झाकून घेतलं होतं. मी "बदलली गेली" खोडून "मी बदलली" असं केलं, खाली माझं नाव लिहिलं आणि अहवाल वरिष्ठांकडे पाठवला. बाकी तिच्या एकाही शब्दाला हात लावला नाही. दोन ठिकाणी हात शिवशिवले, पण तोवर साडेपाच झाले होते आणि मी निघालो.