यादीतली सातवी टेप

आमच्या दूरचित्रवाणी केंद्रातल्या टेपकाकांना राग येत नाही, आनंद होत नाही आणि सुट्टीही लागत नाही. अडतीस वर्षं तळघरातल्या टेपरूममध्ये काढली. निवृत्तीनंतर पुन्हा बोलावणं आलं, कारण जुनी यंत्रं दुसऱ्या कुणाला दाद देत नाहीत. मी शेजारच्या टेबलावर जुन्या टेपांची यादी करते आणि दिवसातून चारदा त्यांच्यावर चिडते. त्याचाही काही उपयोग होत नाही.

विस्मरणात गेलेले गाण्याचे कार्यक्रम नव्या प्रेक्षकांना दाखवायचे, असं केंद्राच्या प्रमुख मॅडमनी ठरवलं. टेपा इतक्या जुन्या की चिकट झालेल्या. आधी ओव्हनमध्ये मंद आचेवर आठ तास शेकायच्या, मग एकदाच लावायच्या आणि तेव्हाच नक्कल उतरवून घ्यायची. दुसऱ्यांदा लावली तर चित्र धरणारा थरच निघून येतो. त्यामुळे आधी तपासून बघायची सोयच नाही. डब्याच्या पाठीवर जे लिहिलंय ते खरं धरायचं. मीही तेच केलं: 'तरुण गायिका, तीन गीतं, बावीस मिनिटं.' ही गायिका काकांची थोरली बहीण निघाली.

मॅडम हरखल्या. ताईंना केंद्रावर बोलवायचं आणि चाळीस वर्षांनी स्वतःला बघतानाचा त्यांचा चेहरा टिपायचा. जाहिरातही सुरू झाली. काका म्हणाले, "बरं."

ठरलेल्या दिवशी सकाळी ओव्हनमधून टेप काढताना ते म्हणाले, "हिच्यात ताई नाहीये."

"म्हणजे?"

"तेव्हा टेपांची टंचाई होती. कुठल्या पुन्हा वापरायच्या त्याची यादी यायची. ही सातवी होती. हिच्यावर हातपंप दुरुस्तीची चर्चा घेतली. नवी चिठ्ठी डब्यात टाकली होती. पडली असेल कुठेतरी."

"कुणी घेतली?"

"मीच."

बाकीचे लोक आवडीच्या टेपा कपाटामागे दडवायचे, हे मला ठाऊक होतं. "अहो, सख्खी बहीण! आणि आता आठवडाभर मिठाची गुळणी धरून बसलात?"

"यादीत होतं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा कोरा होता. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

मी तडक वर गेले आणि मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाईंना काही सांगू नका. चेहरा आणखी चांगला मिळेल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण नोकरी कंत्राटी, म्हणून गप्प बसले. खाली येऊन काकांना एवढंच म्हटलं, "तुम्ही तरी सांगा." ते म्हणाले, "सांगतो."

ताई आल्या. शिवणकाम करून बोटं वाकडी झालेली, केस नीट बसवलेले. कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीत अंग चोरून बसल्या. काका यंत्रापाशी उभे होते. बोलायला पाच मिनिटं मिळाली, तीही त्यांनी टेप ओवण्यात घालवली. मग कळ दाबली.

पडद्यावर एक माणूस हातपंपाचा वायसर दाखवू लागला. ताई आधी हसल्या, चुकीची टेप लागली असं त्यांना वाटलं. पण तो माणूस बोलतच राहिला. त्यांनी वळून भावाकडे पाहिलं.

"ताई, तुझ्या टेपवर मीच हे घेतलं होतं," काका म्हणाले. "तू गायलीस त्याच वर्षी तुझं गाणं पुसलं गेलं."

चर्चा एकवीस मिनिटांनी संपली. मग पडदा थरथरला आणि आधीच्या चित्रीकरणाचं उरलेलं शेपूट आलं. गाणं संपवून बसलेली तेवीस वर्षांची मुलगी, हात मांडीवर, कॅमेरा बंद व्हायची वाट बघत. आवाज नव्हता. पंचवीसेक सेकंद. मग तीही गेली.

"म्हणून परत दाखवलं नाही होय!" ताई म्हणाल्या. "मला वाटायचं, मी वाईट गायले. म्हणून तर सोडलं मी गाणं." मग एकदम पुढे झुकून त्यांनी विचारलं, "चांगलं झालं होतं का रे? घरी टीव्ही नव्हता, कुणी ऐकलंच नाही. तू तर इथेच होतास."

मॅडमचा कॅमेरा चालूच होता. मी मनातल्या मनात काकांना म्हणत होते, हो म्हणा. एकदा तरी यादीबाहेरचं बोला.

काकांनी यंत्र बंद केलं.

"माहीत नाही, ताई," ते म्हणाले. "टेपरूममध्ये आवाज बंद ठेवायचा नियम होता."