आज आईनं पंखा कोणासाठी लावला?

सांगा बापा, मले तर काहीच समजून नाही राहिलं.

बाबांचे मित्र डॅनियलकाका नागझिऱ्याचं जंगल पाहाले साकोलीत आमच्याकडे आले आहेत. ते अलिबागकडचे ज्यू. आज शनिवार, म्हणजे त्यांचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस. चांदण्या दिसेपर्यंत ते विजेच्या बटणाले हात लावत नाहीत.

सकाळी मी सवयीनं त्यांच्या खोलीतला, त्यांनी कालच लावून ठेवलेला पंखा बंद करून टाकला. दुपारी पाहतो, तर काका घामानं ओलेचिंब!

आई म्हणाली, "भाऊजी, मले काहून नाही सांगितलं?"

"सांगणं म्हणजे मीच लावल्यासारखं, वहिनी. आणि कोणी माझ्यासाठी लावला, तरी तो वारा मला चालत नाही."

आई खुर्ची ओढून तिथंच बसली. "मलेच लय गरमी होऊन राहिली," म्हणाली अन् बटण दाबलं. काका हसले.

पण पंख्याच्या वाऱ्यानं आईचे गुडघे दुखतात. मे महिन्यातही ती पंख्याखाली बसत नाही! मंग काकांचा नियम पाळला गेला का मोडला? आई खोटं बोलली का?

तुम्हीच सांगा. ती अजून तिथंच बसली आहे, गुडघ्यावर चादर घेऊन.