साफ केलेलं घोरणं

स्टुडिओत त्याला सगळे कात्री म्हणत. त्यात निंदा नव्हती. पगारवाढीऐवजी माणसाला जे काही दिलं जातं, त्यातलाच तो प्रकार होता. बोलकी पुस्तकं तयार करणाऱ्या त्या स्टुडिओत तो एकवीस वर्षं संकलक होता. वाचणारा काचेपलीकडे बसून वाचून जाई आणि मग कात्री हेडफोन चढवून त्या वाचनातले खाकरे, पानांची सळसळ, आवंढे आणि श्वास काढून टाकी. लांबलेल्या शांततेवर त्याचा विशेष राग. "ऐकणाऱ्याला वाटतं, यंत्र बिघडलं," असं त्याचं म्हणणं. पाऊण सेकंदाच्या वर कुणी थांबलेलं त्याला खपत नसे. चारशे पानांची कादंबरी एकदाही श्वास न घेता वाचून दाखवणारी माणसं त्याने स्वतःच्या हातांनी घडवली होती.

घरी मात्र त्याच्या शब्दाला किंमत उरली नव्हती. कारण साखर.

दोन वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. कात्रीने गोड सोडलं, ताटातलं निम्मं अन्न कमी केलं, लिफ्टकडे पाठ फिरवून चार जिने चढायला सुरुवात केली. गोळ्या वेळेवर. तरी सकाळी उपाशीपोटी तपासली की साखर काल होती त्याहून वर. त्याची बायको शाळेत परीक्षा विभाग सांभाळायची. गेली पंधरा वर्षं बाहीतल्या चिठ्ठ्या शोधून काढणाऱ्या बाईला हा आकडा म्हणजे आव्हानच होतं.

"रात्री आठनंतर काय खाल्लं?"

"पाणी."

"म्हणजे हे एकशे अठ्ठावन्न पाण्यातून आले?"

"अगं, खरंच सांगतोय."

"सगळे असंच म्हणतात. पकडले जाईपर्यंत."

डॉक्टरीणबाईंचा सूर वेगळा, अर्थ तोच. "खरं सांगा हं, मी रागावणार नाही," असं त्या लहान मुलाला विचारावं तसं विचारत. कात्रीला आजाराचं दुःख होतं, पण या वाक्याचं जास्त होतं. पन्नाशीपर्यंत त्याच्यावर कुणी चोरीचा आळ घेतला नव्हता आणि आता घेतला होता तो बिस्किटांचा. पुढच्या वेळी आकडा उतरला नाही तर इन्सुलिन सुरू करू, असं बाई म्हणाल्या. सुईची त्याला भीती नव्हती. ती सुई बायकोच्या संशयावर शिक्कामोर्तब करील, ही भीती होती.

त्याच भेटीत बाईंनी लिहिता लिहिता सहज विचारलं, "घोरता का?"

"थोडंसं," तो म्हणाला.

"थोडंसं?" बायको खुर्चीत पुढे सरकली. "खालच्या मजल्यावरचे विचारतात, तुमच्याकडे सुतारकाम अजून किती दिवस चालणार?"

बाईंनी पेन ठेवलं. "घोरता घोरता मध्येच थांबतात का?"

"थांबतात ना. मी कोपराने ढोसते, मग गाडी सुरू होते."

"काहीतरीच!" कात्री म्हणाला. "सकाळी उठून डोकं दुखतं आणि दुपारी कामावर डुलकी येते, ती हिच्या त्या कोपरामुळेच."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "झोपेची तपासणी लिहून देते. पण तिला तारीख मिळेपर्यंत एक रात्र मोबाइलवर रेकॉर्ड करून मला ऐकवा."

मोबाइलवर! एकवीस वर्षं ध्वनीत घालवलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे आचाऱ्याला डबा मागवायला सांगणं. कात्रीने स्टुडिओतून चांगला माइक आणला, पलंगाशेजारी तिवईवर बसवला, आवाजाची पातळी जुळवली आणि झोपला. सकाळी सहा तास चाळीस मिनिटांची फाइल तयार होती.

ती ऐकून तो शरमला. घोरण्यामुळे नव्हे. पंख्याची घरघर, लांबवर भुंकणारं कुत्रं, कमीजास्त होणारी पातळी आणि मध्येमध्ये भलीमोठी पोकळ भगदाडं. अशी फाइल कुणाच्या हातात देतात का? जेवणाच्या सुट्टीत त्याने ती साफ करायला घेतली. पंखा गेला, कुत्रं गेलं, भगदाडं गेली, पातळी सारखी झाली. संध्याकाळपर्यंत चार तासांचं एकसंध, सुश्राव्य घोरणं हाती आलं.

दवाखान्यात बाईंनी ते इथूनतिथून ऐकलं. "हे तर अगदी नियमित आहे. थांबणं कुठेच नाही."

कात्रीने बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं. ती मान तिरकी करून ऐकत होती. उत्तरपत्रिकेतलं अक्षर मधूनच बदललं की ती अशीच बघायची.

"हे तुम्ही नाही," ती म्हणाली.

"मग कोण? शेजारचे?"

"आवाज तुमचाच. पण इतकं सलग तुम्ही जन्मात घोरला नाहीत. मधलं कुठे गेलं?"

"मधलं काढलं."

"काढलं म्हणजे?"

"अगं, रिकाम्या जागा होत्या नुसत्या. त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, मला तेवढंच ऐकायचं होतं!"

मूळ फाइल कात्री कधी पुसत नसे, एवढं नशीब. त्याने पिशवीतून लॅपटॉप काढून ती उघडली. पडद्यावर आवाजाच्या आलेखात डोंगरांच्या रांगा उमटल्या, आणि दोन डोंगरांमध्ये सपाट रेघ. सवयीने त्याने रेघेच्या दोन टोकांवर खुणा टाकून लांबी मोजली.

"अठ्ठेचाळीस सेकंद," तो म्हणाला. काल दुपारी हीच रेघ त्याने दोन बोटांनी उडवली होती.

पुढे तपासणी झाली. तासाला सरासरी एकेचाळीस वेळा श्वास अडत होता. बाईंनी समजावून सांगितलं, "झोपेत घसा सैलावतो, हवेची वाट बंद होते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि शरीराला वाटतं, आपण बुडतोय. मग ते ताणाची संप्रेरकं सोडतं, यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं, आणि इन्सुलिनचं कुणी ऐकेनासं होतं. असं रात्रभर."

"म्हणजे काही न खाता साखर वाढू शकते?"

"वाढू शकते. मधुमेह तुम्हाला आहेच. पण त्याला रात्री खतपाणी मिळतंय."

"हे जरा हिच्याकडे बघून सांगाल का?"

बाईंनी सांगितलं. बायको खाली बघत पर्सच्या चेनची उघडझाप करत राहिली.

झोपेत घसा उघडा ठेवणारं हवेच्या दाबाचं यंत्र आलं, नाकावर मुखवटा आला. साखर उतरेलच अशी हमी बाईंनी दिली नव्हती. काहींची उतरते, काहींची फारशी नाही, म्हणाल्या होत्या. तीन महिन्यांनी आकडा उतरला, फार नाही, पण इन्सुलिन लांबणीवर पडण्याइतका. डोकेदुखी मात्र पार गेली.

अहवाल घेऊन दोघं बसथांब्यावर उभी होती. बायको म्हणाली, "दोन वर्षं तुम्हाला चोर म्हटलं मी. चुकलं माझं."

कात्रीला हे वाक्य किती दिवसांपासून हवं होतं! ते हातात पडल्यावर मात्र त्याला अवघडल्यासारखं झालं. त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"तीन बिस्किटं," तो म्हणाला. "स्टुडिओत. एकाच दिवशी, चहाबरोबर. आता काय लपवायचं?"

"माहीत आहे," ती म्हणाली. "खिशात चुरा होता. पण तो चारांचा होता."

बस आली. आत चढताना कात्रीने कबूल केलं, की होय, चार.