गीत क्रमांक एकशे सत्तावीस

निघायला पाऊण तास उशीर झाला, तो एका पुस्तकापायी. नागपूरहून घाटंजीला जायचं तर सहाला गाडी रस्त्याला लागली पाहिजे, असं मी आईला आठवडाभर बजावत होते. आणि सहा वाजता ती दिवाण उपसून चर्चच्या गीतांचं जुनं पुस्तक शोधत होती. मोठ्या अक्षरांची नवी आवृत्ती मी तिला नाताळातच आणून दिली होती. ती समोर टेबलावर पडलेली.

“त्याच्यात नंबर बदलवले सारे,” आई म्हणाली. “मले जुनंच पाहिजे.”

जुनं पुस्तक शेवटी सापडलं तिच्याच पिशवीत. रात्रीच भरून ठेवलं होतं म्हणे.

घाटंजीत ज्येष्ठांसाठी गीत-उपासनेचा मेळावा होता. लाउडस्पीकर आणि सत्कार या दोन गोष्टींपासून मी चार हात लांब राहते. पण ब्याऐंशी वर्षांच्या बाईला एकटीला एसटीत बसवून देणार कशी?

कळंब मागे पडल्यावर तिने मनातलं सांगितलं. “तिथं तुह्या बाबाचं गाणं म्हणाचं हाय मले. सारे जुने लोक येतील.”

बाबा घाटंजीकडे शाळामास्तर होते. कोणाकडे मयत झाली की सायकलवर टांग मारून निघायचे, पार बाभुळगावपर्यंत. कबरीपाशी शेवटचं गीत त्यांनीच उचलायचं (सुरू करायचं), ही रीतच होती. गीत ठरलेलं, एकशे सत्तावीस. पण लॉकडाऊनमध्ये नागपुरात ते स्वतः गेले, तेव्हा दफनाला आम्ही चार माणसं. आईला घराबाहेर पडू दिलं नाही. पाळकांनी मास्कमधून प्रार्थना उरकली. मला त्या गीताच्या दोनच ओळी येत होत्या आणि त्याही माझ्या तोंडून फुटल्या नाहीत. साऱ्या जिल्ह्याला गाऊन पोचवणारा माणूस गाण्याविना गेला. आईने मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

यवतमाळच्या अलीकडे टायर बसला. पंक्चरच्या टपरीवजा दुकानातले सलीमचाचा आधी चहा संपवणार, मग पाना हातात घेणार. आई त्यांना मेळाव्याचं सांगत बसली आणि मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते.

“जलदी कायले करता मॅडम?” ते म्हणाले. “गाण्याचा प्रोग्राम हाय ना? हॅलो हॅलो कराले त्याईले दोन घंटे लागते.”

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. यवतमाळनंतर दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, मग पांढरी फुटलेली कपाशी, वेचणाऱ्या बायका. निवांत बघावं असा मुलूख, पण रस्ता जागोजागी खोदलेला, त्यामुळे मी फक्त खड्डेच पाहिले. त्यात घाटंजीचा बाजाराचा दिवस. भाजीच्या ढिगांमधून वाट काढत आम्ही मंगल कार्यालयात पोचलो, तर स्टेजवर एक जण माईकमध्ये फुंकर मारत होता.

दारात बिल्ला लावला आणि नाश्त्याचं पाकीट दिलं. आत कडक चकली आणि शेंगदाण्याची चिक्की! हॉलमध्ये दोनशेच्या वर म्हातारी माणसं आणि सगळ्यांचे दात मिळून एक तोंड भरलं नसतं. कोणा बुद्धिवानाने हा बेत ठरवला, देव जाणे.

आई सरळ संयोजकांकडे गेली. प्रकाशभाऊ, चाळिशीचे, कोट घातलेले. त्यांनी वाकून ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“मावशी, ते मयतीचं गीत हाय. आज आनंदाचा दिवस. लोकाईचा मूड जाईन.”

“ज्याच्यासाठी म्हणाचं, त्यानं तुह्या आज्याले पोचवलं होतं,” आई म्हणाली.

“हो मावशी, पण आज नको.”

मी भांडायला पुढे झाले, तर आईने माझा हात ओढला. “चाल, बसू.”

मग सत्कार सुरू झाले. ज्येष्ठांच्या मेळाव्यात सत्कार कोणाचे? देणगीदारांचे, मंडपवाल्याचे, कुठल्याशा माजी सभापतींचे. एकही साठीच्या पुढचा नव्हता. शाली संपल्या तेव्हा पोट्ट्यांच्या (तरुण मुलांच्या) बँडने ड्रम बडवायला घेतले. “टाळ्या! जोरात!” असं निवेदक ओरडत होता आणि पुढच्या रांगेतले आजोबा कानातली मशीन काढून खिशात ठेवत होते. गाण्यासाठी शंभर कोसांवरून आलेली माणसं मुकाट बसून होती. माझं डोकं ठणकायला लागलं. आईला म्हटलं, “ऊठ, जाऊ या.”

“थांब ना वं. काहून चिडतं?”

जेवणाआधी निवेदकाने जाहीर केलं की आता ज्येष्ठांच्या पसंतीचं एक गीत, चिठ्ठीवर क्रमांक लिहून द्या. आईने पर्समधून पेन काढलं. सगळ्यांत आधी तिची चिठ्ठी पोचली. प्रकाशभाऊंनी नवं पुस्तक उघडून पाहिलं आणि चेहरा खुलला.

“वा मावशी! आनंदाचंच गीत निवडलं. एकशे सत्तावीस!”

जुन्या लोकांची रीत अशी की ज्याने क्रमांक दिला, त्यानेच गीत उचलायचं. कीबोर्डवाला बटणं शोधेपर्यंत आई उभी राहिली आणि माईकबिईक न घेता तिने पहिली ओळ उचलली. आवाज कापरा होता, पण सूर पक्का.

मग बाभुळगावच्या मार्थाबाई म्हणून आमच्या मागे बसल्या होत्या, त्या ओरडल्या, “अवं, गुर्जीचं गाणं!” आणि उठल्या. सगळीकडे पिशव्यांतून, पदराखालून तीच जुनी, फडक्यात बांधलेली पुस्तकं निघाली. पण बहुतेकांना त्यांची गरजच नव्हती. या गीताला कोणी बसून राहत नाही. काठ्या टेकत, एकमेकांच्या खांद्याला धरत सगळा हॉल उभा राहिला. प्रकाशभाऊ दोन्ही हात हलवत होते, तिकडे कोणी बघेना. दुसऱ्या कडव्याला त्यांचे हात खाली आले. तिसऱ्याला त्यांचे ओठ हलताना मला दिसले.

आईने पुस्तक माझ्यापुढे धरलं. समासात बाबांच्या पेन्सिलच्या खुणा होत्या. मला अक्षरं नीट दिसत नव्हती. तरी मी गायले, वाचत, अडखळत, चारही कडवी.

परतताना आईने चिक्कीचा तुकडा गालात धरला होता. यवतमाळ गेल्यावर मी विचारलं, “नव्या पुस्तकात त्या नंबरला दुसरं गीत आहे, हे तुला ठाऊक होतं?”

“तूच तं आणून देल्लं ते. वाचलं मी सारं.”

मला हसावं की रागवावं कळेना. एवढी धावपळ करून मी तिला गाणं गायला नेलं, अशी माझी समजूत होती. पण गाणं राहिलं होतं ते माझ्याकडून, आणि ते पुरं करायला तिनेच मला नेलं होतं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “आता तू म्हण. बिना पुस्तकाचं.”

“आई, मी गाडी चालवतेय.”

“गाडी हातानं चालवतं ना? माह्या वेळेस कोण म्हणन मग?”

मी म्हणायला लागले. दुसऱ्या कडव्यात चुकले.

“नाई,” आई वैतागून म्हणाली. “पुन्ना म्हण.”