भागूच्या दोन तारखा

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकत असेल. शाळा चौथीपर्यंतच झाली आणि त्यालाही आता खूप वर्षे लोटली. जमेल तसे वाचून घ्या. हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. भावाला नाही, आणि देवळात देवीपुढे उभी राहिले तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. तोंडाने सांगणे मला जमत नाही — चार माणसांत माझा आवाजच फुटत नाही. म्हणून वहीत लिहिते आहे. समोर कुणी ओळखीचे बसले आहे असे धरून लिहिते.

मी तुरुंगात नोकरीला होते. मोठा तुरुंग नव्हे, तालुक्याच्या गावी कचेरीच्या मागे कच्च्या कैद्यांसाठी असतो तसला. पुरुषांच्या तीन खोल्या, आणि आवाराच्या टोकाला भिंत घालून बायकांची एक. गावाचे नाव लिहीत नाही. माझा नवरा मुंबईला गिरणीत गेला तो तिकडेच दुसरीचा झाला, आणि मी भावाकडे राहत होते. मला लिहिता-वाचता येत होते म्हणून कचेरीतल्या कुणी तरी माझे नाव सुचवले. गोव्याची हद्द जवळ, तिकडे दारू मोकळी, इकडे दारूबंदी. बायका लुगड्याखाली सायकलच्या ट्यूबा बांधून दारू आणताना सापडू लागल्या होत्या. बाईची झडती बाईनेच घ्यायची असा कायदा, म्हणून मी.

पुरुष वॉर्डरांना महिन्याचा पगार, खाकी कपडे, रजा. मला एक चामडी पट्टा आणि पितळी बिल्ला — लुगड्यावरून बांधायचा. पगार नाही. बायकांच्या खोलीत कैदीण असेल त्या दिवसाचा सव्वा रुपया. खोली रिकामी झाली की बिल्ला जमादारांच्या टेबलावर ठेवून घरी जायचे. दोन-दोन महिने बोलावणे येत नसे.

आणि किल्ली. ती माझ्याकडे कधीच नसे. बाईमाणसाच्या हाती किल्ली देत नाहीत, असे जमादार म्हणायचे. तेच तिथले सगळे पाहत. त्यामुळे कैदीण आली की मीही आत, रात्रंदिवस, आणि आवाराच्या दाराला बाहेरून कुलूप. जेवण द्यायला शिपाई दार उघडायचा आणि दर वेळी तेच म्हणायचा, "आत कैदणी दोन, आणि वारंट एकीच्याच नावाचां!" मी मान खाली घालून टोप उचलायची. त्याला वाटायचे मला राग येतो. मला राग येत नव्हता. आत मला बरे वाटायचे. हे आधीच सांगून ठेवते.

भागू आली तेव्हा भातकापणी होऊन गेली होती. नाक्यावर मला बोलावले, आडोशाला तिची झडती घेतली. कमरेभोवती तीन ट्यूबा होत्या. चोळी पुढून ओली होती. मला वाटले ट्यूब गळते आहे. मी बोट लावून वास घेतला.

"दूद आसा ता," ती म्हणाली. "पाच म्हयन्यांचां चेडू आसा घराक."

म्हणजे पहिल्या दिवसापासून मला ठाऊक होते. माहीत नव्हते असे म्हणण्याची सोय मला नाही.

तिचे घर घाटाच्या पायथ्याशी. पोर सासूकडे ठेवून ती एका दिवसाच्या फेरीला निघाली होती. लहान पोर आईबरोबर तुरुंगात राहू शकते, तसा निरोपही धाडला. सासूने उलटा निरोप दिला की माझ्या घराण्यातले मूल जेलात यायचे नाही. जामीन राहायला कुणी आले नाही. ज्याची दारू होती तो शेट तर फिरकलाच नाही. मग राहिली ती तारीख. दर चौदा दिवसांनी मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे. असल्या बायकांना पहिल्याच तारखेला दंड सांगून, नाहीतर ताकीद देऊन सोडून देत. मी तोवर तसेच पाहिले होते. भागूलाही मीच तसे सांगितले होते.

चौदा दिवस. तिचे दूध भरून यायचे आणि ती आवाराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पिळून टाकायची. तिथे मुंग्या लागायच्या. मी पाणी तापवून द्यायची, शेकायला फडके द्यायची. रात्री ती बोलायची. सासूच्या नकला करायची, शेटच्या चालीची नक्कल करायची, आणि मी तोंडावर पदर धरून हसायची. मला कुणी असे सांगत बसले नव्हते कधी. भावाकडे भावजय माझ्याशी बोलायची ती कामापुरती. तुम्हाला हे कशाला सांगते आहे? सांगायचे ते अजून पुढेच आहे, आणि मी त्याच्याभोवती फिरते आहे, हे मला कळते.

पहिल्या तारखेला पहाटे मी खरोखरच बाजूला बसले होते. महिन्याची अडचण. शिपायाकडून जमादारांना बोलावून घेतले आणि दाराच्या फटीतून कसेबसे सांगितले. जमादार धार्मिक माणूस. कचेरीची वाट देवळासमोरून जाते. तशा अंगाने तिथून जायचे नाही, असे त्यांनीच ठरवले. आणि बाई बरोबर असल्याशिवाय कैदिणीला बाहेर काढायचे नाही असा नियम. तालुक्यात पहाऱ्याला दुसरी बाई नव्हती. जमादार माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरां, बरां. बस तू. तारीख मागान घेतंय." पहारा मात्र चालू. बसून पहारा करायला कुणाला हात लावावा लागत नाही, असे त्यांनीच म्हटले. शिपाई बाहेर दुसऱ्याला सांगत होता, "बायमाणसाच्या चार दिसांक सरकारची तारीख पुढे जाता. आमका ताप येवंदे, कोण इचारता?"

तारीख चौदा दिवस पुढे गेली. त्यात माझा काही दोष नव्हता. भागू रडली, मग मलाच म्हणाली, "तुजी चूक नाय गो, ताई. बायमाणसाचो जल्मच असो."

त्या चार दिवसांत तिने माझे सगळे केले. वरून पाणी घातले. टोप दारातून तिनेच घेतला. माझी भाकरी पानावर ठेवून न शिवता पुढे सरकवली. कैदीण ती आणि पट्टा माझ्या कमरेला.

आता दुसरी तारीख.

तिच्या आदल्या संध्याकाळी भागूने केस धुतले. चोळीला टाके घातले. पोर ओळखेल ना, असे तीनतीनदा विचारले. मी हो म्हटले. आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात आले की उद्या दुपारी ही बसमध्ये बसेल आणि मी भावाच्या पडवीत. सव्वा रुपया थांबेल. सव्वा रुपयाच का? नाही. इतकी वर्षे मी स्वतःला सव्वा रुपयाच सांगत आले, कारण ते सांगायला सोपे आहे. गरीब बाईने पैशासाठी केले — कुणालाही समजेल. पण मला ती हवी होती. तिने तिथेच राहावे, रात्री बोलावे, मला ताई म्हणावे. तिला तिचे पोर हवे होते आणि मला ती. किल्ली माझ्याकडे कधी नसे खरी, पण त्या दिवशी ती माझ्याच हातात होती.

पहाटे मी जमादारांना बोलावले आणि दाराच्या फटीतून सांगितले — मी बाजूला बसले आहे.

चौदा दिवसांत पुन्हा कसे, असे त्यांनी विचारायला हवे होते. त्यांच्या घरी बायको होती, दोन मुली होत्या. पण असले पुरुष विचारत नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला आणि ते "बरां, बरां" म्हणत निघून गेले. मला वाटले होते खोटे बोलणे फार अवघड जाईल. काहीच अवघड गेले नाही. माझा लाजरा स्वभाव सर्वांना ठाऊक. मी खाली बघून बोलले, तेवढे पुरले.

पण भागू तर बाई होती. तिच्याबरोबर एका खोलीत राहायचे. मग मी काय केले? मी कोरी फडकी धुतली. विहिरीवरून आणलेल्या पाण्यात स्वच्छ, कोरी फडकी घासून घासून धुतली आणि दोरीवर, वर लुगडे टाकून, वाळत घातली. वेगळ्या चटईवर बसले. आणि तिने पुन्हा माझी भाकरी पानावर ठेवून पुढे सरकवली. पोटात दुखते का विचारले. मी हो म्हटले. तिने ओवा मागवून घेतला शिपायाकडून. मी तो चावून खाल्ला.

तिला कळले होते का? मला ठाऊक नाही.

तिसऱ्या तारखेला खरे तर माझी वेळ झालीच होती. पण आदल्या रात्री काही आले नाही, सकाळीही आले नाही. अंगणात उजाडत होते. मी ठरवले असते तर पट्टा बांधून निघू शकत होते. भागू तयार होऊन दाराशी उभी होती. मी जमादारांना बोलावले आणि तेच सांगितले.

या वेळी भागू रडली नाही. ती आत जाऊन बसली. दोनेक दिवसांनी मी नेहमीसारखे पाणी तापवले, फडके भिजवले आणि तिच्यापुढे ठेवले. तिने ते बाजूला केले.

"आता नको गो, ताई," ती म्हणाली. "आता दुखणा नाय."

कोपऱ्यात मुंग्या नव्हत्या. त्या कधीपासून नव्हत्या ते मी पाहिलेच नव्हते. मी फडके पिळले आणि दोरीवर टाकले. रडू आले नाही. टोप घासायचे होते ते घासले.

चौथ्या तारखेला मी तिला घेऊन गेले. देवळासमोरून दोघी चाललो. मॅजिस्ट्रेटांनी कागद बघितला, इतके दिवस आत होती हे वाचले आणि ताकीद देऊन सोडले. सगळे मिळून पानाला चुना लावण्याइतका वेळ. तिने बसमध्ये बसताना माझा हात धरला. मी सोडवून घेतला — पट्टा परत करायचा होता.

पुढे वर्षा-दीड वर्षाने ती बायकांची खोलीच बंद झाली. कैदिणींना दुसरीकडे नेऊ लागले. मी काजूच्या कारखान्यात बिया सोलायला लागले. आणि एका बुधवारी बाजारात भागू दिसली, सोलं — आमसुलं — घेऊन बसलेली. मी वळणार तोच तिने हाक मारली. शेजारणीला मोठ्याने सांगितले, "ही माजी जेलातली ताई! बहिणीसारख्या जपल्यान माका." बाजारातल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी खाली बघितले.

मी पोरीचे विचारले. विचारले नसते तर बरे, पण तोंडातून गेले.

"बरी आसा. जावेक पाजुचां पोर होतां, तिनाच पाजल्यान. आता जावेक आये म्हणता." भागू हसली. "आणि माका काकी! मी म्हटलंय, म्हण बाय म्हण. हाकेक ओ दिली म्हणजे झाला."

बाजूच्या बायकाही हसल्या. ती गोष्ट तिने पुष्कळदा सांगितलेली असावी, सांगून सांगून गुळगुळीत झाली होती. मी शेरभर सोलं घेतली, नोट दिली आणि सुटे न घेता निघाले. ती मागून ओरडली, "ताई, सुटे रवले!"

"रवांदे गो," मी म्हटले.

तिथून ते सुरू झाले. दोन तारखा, अठ्ठावीस दिवस, सव्वा रुपयाप्रमाणे पस्तीस रुपये. ते पैसे सरकारचे होते खरे. पण सरकारचे दूध आटले नव्हते. दर बुधवारी मी जाऊन सोलं घ्यायची आणि सुटे तिच्या टोपलीत राहू द्यायची — कधी दहा पैसे, कधी चाराणे. तिला खरे सांगण्याचे धाडस या तीन वर्षांत एकदाही झाले नाही. जाताना दर वेळी ठरवायची, पोचल्यावर भाव विचारायची. घरी इतकी सोलं साठली की भावजय म्हणाली, "वन्सं, तुमका काय सोलांचां दुकान घालुचा आसा?" भागूने पैशाबद्दल पहिल्या दिवसानंतर पुन्हा विचारले नाही. मी सुटे ठेवायची, ती कनवटीला लावायची. आणि माप घातल्यावर वर मूठभर सोलं जास्तीची टाकायची, दर वेळी. ती मूठ माझ्या हिशेबात बसेना. मग मी तिचेही पैसे धरले, बुधवारचे दोन पैसे.

काल पावसाआधीचा शेवटचा बाजार होता. तिने माप घातले, वर मूठ टाकली. मी रुपया दिला आणि सुटे राहू दिले. पस्तीस रुपये, आणि मुठींचे वेगळे तीन — सगळे फिटले.