शेवंताबाईंचं वरकड

किस्से मी मुद्दाम गोळा करत नाही. एसटीची तिकिटं शर्टाच्या खिशात साठतात ना, तसे ते साठत जातात. मग बायको खिसा रिकामा करताना म्हणते, "हे सगळं कशाला ठेवलंय?" तर हे ठेवलंय चाकूरच्या रविवारच्या वर्गाचं. बाहेरून बारावीला बसलेल्या मोठ्या माणसांना मी तिथं इतिहास शिकवतो. लातूरहून जाताना चिडचिड करत जातो आणि येताना एकटाच हसत येतो.

पहिल्या बाकावर दोघं कायम. एक बसप्पा, किराणा दुकानदार, साठीला आलेले. सून ग्रॅज्युएट आली म्हणून यांना बारावी पाहिजे. दुसऱ्या शेवंताबाई, अंगणवाडीत मदतनीस. त्यांच्या सेविका मॅडम रिटायर होणार होत्या. ती जागा शेवंताबाईंना मिळण्यासारखी होती, पण त्याला बारावी लागत होती. इतिहासात त्या दोनदा नापास झालेल्या. आता हा शेवटचा चान्स.

* * *

पहिला धडा आदिमानवाचा. "माणसाला अग्नीचा शोध लागला," मी सांगितलं.

बसप्पांनी हात वर केला. "सर, शोध लागला ते ठीक हाय. पण तो इझू नये म्हणून राखत बसलं कोण?"

"बाईच आसंल की अप्पा," शेवंताबाई म्हणाल्या. "गडी शोध लावून झोपला आसंल."

तो तास तिथंच संपला.

* * *

पुढं श्रमविभागणी. घरचं उदाहरण लिहून आणा म्हटलं. बसप्पांनी आणलं, 'मी दुकान बघतो, मंडळी घर बघते.' खाली वेगळ्या अक्षरात एक ओळ होती. 'दुकान पण मीच बघते, हे पारावर असतात.'

मी मंडळींना दहापैकी दहा दिले.

* * *

"शेती आली आणि नदीकाठी माणसाची पहिली वस्ती झाली," मी एकदा शिकवत होतो. शेवंताबाईंनी हळूच विचारलं, "सर, आन् गाव कुठं व्हतं?"

मला प्रश्न कळायला जरा वेळ लागला. त्यांच्याकडं बौद्ध मंडळी राहतात ती वस्ती, आणि रस्त्याच्या पलीकडं बाकीच्यांचं ते गाव. जन्मभर त्यांनी हे दोन शब्द असेच ऐकलेले.

"गाव नव्हतंच बाई. सगळ्यांची मिळून एकच वस्ती होती."

"मंग बरं व्हतं," त्या म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं.

मला फार वाईट वाटलं. बसप्पांनी त्या दिवशी एकही जोक केला नाही. सुटल्यावर त्यांनी शेवंताबाईंची पिशवी उचलली आणि स्टँडपर्यंत नेऊन दिली.

* * *

शेवंताबाईंची गाडी अडली ती 'वरकड' या शब्दावर. मी पाठ करून घेतलं, 'गरजेपेक्षा जास्त झालेलं उत्पादन म्हणजे वरकड. ते साठलं, म्हणून गावं वाढली, नगरं झाली.' दुसऱ्या रविवारी पाटी कोरी.

"कसं ध्यानात ऱ्हावं सर? गरजेपरीस जास्त आमच्यात कधी झालंच न्हाई."

सराव परीक्षेत त्यांनी लिहिलं, 'वरकड म्हंजे माझी आई दुरडीत एक भाकर झाकून ठेवायची ती. कोण येणार हे ठाव नसायचं.'

मी त्यावर लाल पेनानं काट मारली आणि वर शेरा दिला, 'पुस्तकातलं लिहा.' आज ती काट आठवली की माझीच मला लाज वाटते.

* * *

पेपर लातूरच्या सेंटरला होता. शेवंताबाई बाहेर आल्या त्या मान खाली घालून. "वरकडच आलं सर."

मी विचारलं, "काय लिहिलं?"

"दोन्ही लिवलं. पुस्तकातलं आधी, आईचं मागून. आईचं सोडायला जीव झाला न्हाई."

निकाल बसप्पांनी दुकानात मोबाइलवर पाहिला. ते स्वतः इंग्रजीत गचकले होते. तरी येईल त्या गिऱ्हाइकाच्या हातावर गूळ ठेवत होते, "आमच्या शेवंताबाई पास झाल्या, लई झालं."

* * *

परवा एका कामासाठी त्यांच्या गावाकडं गेलो. परतीची एसटी हुकली, ऊन मी म्हणत होतं, म्हणून न सांगता अंगणवाडीत शिरलो. शेवंताबाई आता तिथल्या सेविका. पोरं जेवून घरी गेलेली, त्यांचाही डबा धुऊन पालथा घातलेला. कोपऱ्यात फडक्यानं झाकलेली एक दुरडी होती.

"कोणी येणार आहे का?" मी विचारलं.

"ठाव न्हाई," शेवंताबाई म्हणाल्या आणि फडकं बाजूला केलं. "वरकड हाय. बसा सर."